नवी मुंबईच्या नोडमधून जमिनीवरची ट्राम धावू शकेल का?

कोपरखैरणेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मुंबई महानगर प्रदेशातील वाहतुकीचा विषय निघाला की चर्चा लोकल आणि मेट्रो या दोन साधनांपाशी येऊन थांबते. माझा प्रश्न या दोहोंच्या मधल्या साधनाविषयी आहे. लाइट रेल किंवा आधुनिक ट्राम, म्हणजे पूल किंवा बोगदा न बांधता रस्त्यातच राखून ठेवलेल्या पट्ट्यातून विजेवर धावणारी छोटी रेल्वे, नवी मुंबईच्या नोडमध्ये, म्हणजे आखून वसवलेल्या वस्त्यांमध्ये, उपयोगी पडेल का?

प्रश्न सुचण्याचे कारण आमच्या भागाची रचना हे आहे. ट्रान्स-हार्बर मार्गाची कोपरखैरणे आणि घणसोली ही स्थानके ठाणे-बेलापूर रस्त्याला खेटून, म्हणजे वस्तीच्या पूर्व टोकाला आहेत. वस्ती मात्र तिथून पश्चिमेकडे थेट खाडीच्या काठापर्यंत पसरलेली आहे. लोकलने येणारा माणूस स्थानकावर उतरतो तेव्हा त्याचा प्रवास संपलेला नसतो. बाहेर शेअर रिक्षांची रांग असते, रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि चौथा प्रवासी चालकाच्या शेजारी अर्धा बाहेर लोंबकळत कोपरखैरण्यातल्या तीन टाकी परिसरापर्यंत जातो. शिवाय येथील माथाडी वसाहतींतील कामगारांना भल्या पहाटे वाशीच्या बाजार समितीत पोहोचायचे असते, आणि त्या वेळी रिक्षाही कमी असतात.

दुसरीकडे शहर वसवणाऱ्या सिडकोने आखलेले मुख्य रस्ते मुंबईच्या मानाने रुंद आहेत. वाशी स्थानक, शिवाजी चौक, तीन टाकी आणि घणसोली स्थानक अशी सात-आठ किलोमीटरची एक लाइन माझ्या डोळ्यांसमोर आहे. एवढ्या अंतरासाठी उन्नत मेट्रो बांधणे मला अवाजवी वाटते. बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि ती धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. पण मोनोरेलचा अनुभव ताजा असताना पुन्हा एका ‘मधल्या’ साधनाचे नाव घ्यावे का, आणि आपल्या पावसात जमिनीवरचे रूळ टिकतील का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

---

रूळमापक

आपण मोनोरेलचा उल्लेख केलात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मोनोरेल आणि लाइट रेल यांना एकाच पंक्तीला बसवणे योग्य नाही.

चेंबूर ते वडाळा हा मोनोरेलचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. एकूण लांबी वीस किलोमीटरच्या आसपास आणि स्थानके १७. तरीही प्रवासी मिळाले नाहीत, कारण पहिला टप्पा रिफायनरी आणि खत कारखान्याच्या परिसरातून गेला, जिथे दोन्ही बाजूंना चालत येणारी माणसेच थोडी. पण त्याहून खोल अडचण तंत्राची होती. मोनोरेलची गाडी ज्या काँक्रीटच्या तुळईवर बसते, त्या तुळईला साजेशी गाडी कोणत्याही कारखान्यातून उचलून आणता येत नाही. मूळ गाड्या मलेशियाच्या स्कोमी कंपनीच्या होत्या. ती कंपनी अडचणीत आल्यावर सुट्या भागांची टंचाई झाली, धावत्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आणि दोन फेऱ्यांमधील अंतर वाढत गेले. डिसेंबर २०१८ मध्ये महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) ते कंत्राट रद्द केले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसात लोकल बंद पडल्यामुळे मोनोरेलवर अचानक गर्दी लोटली, तेव्हा १०४ टनांची मर्यादा असलेली गाडी १०९ टनांवर गेली आणि म्हैसूर कॉलनीजवळ अधांतरी अडकली. खिडक्यांतून शिड्या लावून प्रवाशांना उतरवावे लागले. पुढच्याच महिन्यात, २० सप्टेंबरपासून, सुधारणांसाठी सेवा थांबवण्यात आली.

ट्राम बंद पडली तर दार उघडून माणूस रस्त्यावर पाऊल ठेवतो, हा फरक मला फार मोठा वाटतो. आधुनिक ट्रामचे रूळ बहुधा साधे प्रमाण मापाचे, १,४३५ मिलिमीटर अंतराचे असतात आणि त्यांवर चालणारी गाडी बनवणारे कारखाने जगात अनेक आहेत, त्यामुळे एका कंपनीवर विसंबून राहण्याची वेळ येत नाही.

आता क्षमतेविषयी, कारण खरा निर्णय तिथे होतो. ३३ मीटर लांबीच्या एका ट्राममध्ये सव्वादोनशेच्या आसपास माणसे मावतात. दर चार मिनिटांनी एक, म्हणजे तासाला १५ गाड्या धरल्या, तर एका दिशेने ताशी साधारण ३,३०० प्रवासी होतात. दोन गाड्या जोडल्या की हा आकडा दुप्पट. साध्या १२ मीटरच्या बसमध्ये सत्तर माणसे धरली आणि दर दोन मिनिटांनी बस सोडली, तरी २,१०० च्या पुढे जाता येत नाही, आणि त्याहून दाट बस सोडल्या तर थांब्यावर त्या एकमेकींच्या मागे अडकू लागतात. लोकलची गोष्टच वेगळी. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक गाडी साडेचार-पाच हजार माणसे घेऊन जाते. तेव्हा ट्राम हे लोकलचे काम करील अशी अपेक्षाच ठेवू नये. तिची जागा ताशी दोन हजारांच्या पुढे आणि दहा-बारा हजारांच्या आत. केंद्र सरकारने २०१९ साली ‘मेट्रोलाइट’ या नावाने जी मानके प्रसिद्ध केली, तीही एका दिशेने ताशी १५,००० प्रवाशांपर्यंतच्या मार्गांसाठी आहेत आणि खर्च नेहमीच्या मेट्रोच्या सुमारे ४० टक्के धरलेला आहे. मात्र त्या मानकांत मार्ग कुंपणाने वेगळा करण्यावर भर आहे, आणि वस्तीच्या मधोमध कुंपण घातले की रस्ता ओलांडणाऱ्यांचे हाल होतात, याचा विचार आपल्याला स्वतंत्रपणे करावा लागेल.

जागेचे म्हणाल तर दुहेरी रुळांना साधारण सात मीटर रुंदी लागते, थांब्यापाशी फलाटासाठी आणखी तीन मीटर. वळणाची त्रिज्या २५ मीटरपर्यंत खाली आणता येते, त्यामुळे शिवाजी चौकासारख्या ठिकाणी इमारती न पाडता वळता येईल. मेट्रोला हे जमत नाही.

---

यारातीरी

मी गेली काही वर्षे मेलबर्नला राहतो, म्हणून येथील अनुभव मांडतो. मेलबर्नचे ट्रामचे जाळे जगातील सर्वांत मोठ्या जाळ्यांत गणले जाते. दुहेरी मार्गाची लांबी अडीचशे किलोमीटरच्या घरात आणि थांबे १,७०० हून अधिक. एवढे ऐकून हुरळून जाण्याआधी हेही लक्षात घ्यावे की या जाळ्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मोटारींबरोबर सामाईक रस्त्यावर आहे आणि त्यामुळे ट्रामचा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपासच राहतो. उजवीकडे वळू पाहणारी एक मोटार रुळांवर उभी राहिली की तिच्या मागे दीडशे माणसांची ट्राम घंटा वाजवत तिष्ठत राहते. हे टाळण्यासाठी शहराच्या मध्यभागात मोटारींनी उजवीकडे वळताना आधी डाव्या कडेला जाऊन थांबायचे आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा होताना वळायचे, असा येथील खास नियम आहे. नव्याने आलेल्या चालकाला तो समजायला वेळ लागतो, पण रूळ मोकळे राहतात.

याच शहरातील ९६ क्रमांकाचा मार्ग मात्र नमुनेदार आहे. तो समुद्रकाठच्या सेंट किल्डाला जातो आणि त्याचा दक्षिणेकडचा भाग १८५७ साली सुरू झालेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून काढलेला आहे. १९८७ साली ती रेल्वे बंद करून तिथे लाइट रेल आणली गेली. त्या पट्ट्यात मोटारींचा संबंध नसल्यामुळे हीच ट्राम एकदम वेग घेते. एकाच गाडीत बसून पहिली वीस मिनिटे आणि पुढची दहा मिनिटे यांतला फरक अनुभवला, की राखीव पट्ट्याबद्दल आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही.

सिडनीचे उदाहरणही पाहावे. तेथे सर्क्युलर की ते रँडविक ही लाइन डिसेंबर २०१९ मध्ये आणि किंग्सफर्डची शाखा एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. दोन गाड्या जोडून झालेली ६७ मीटरची ट्राम ४५० माणसे नेते, मुख्य भागात एका दिशेने ताशी ६,७५० ची क्षमता मांडलेली आहे, आणि जॉर्ज स्ट्रीटवरून मोटारी हटवल्यामुळे तो रस्ता आता चालणाऱ्यांचा झाला आहे. पण हे काम करताना रस्त्याखाली नकाशात नसलेल्या केबली आणि जुन्या वाहिन्या निघाल्या, कंत्राटदार आणि सरकार यांच्यात वाद झाला, मुदत टळली आणि १.६ अब्ज डॉलरचा अंदाज जवळजवळ दुपटीवर गेला. रूळ टाकणे हा यातला सोपा भाग होता. आपल्याकडे रस्त्याखाली काय काय पुरलेले आहे, याची नोंद कितपत आहे, ते पाहावे लागेल.

---

डेपोमॅनेजर_निवृत्त

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मी थोडा वाईटपणा घेतो. कोपरखैरणेकर यांनी वर्णन केलेली अडचण ही मुळात बस पुरेशा नसल्याची आणि ज्या आहेत त्यांना रस्ता मोकळा न मिळण्याची आहे. ज्या रस्त्यावर आज बससाठी एक मार्गिका मोकळी ठेवता येत नाही, तिथे ट्रामसाठी दोन मार्गिका कशा मोकळ्या राहणार? तीन टाकीच्या परिसरात संध्याकाळी जाऊन पाहावे. रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या केलेल्या मोटारी, त्यांच्या बाहेर भाजीच्या हातगाड्या, त्यांच्याही बाहेर प्रवासी घेणाऱ्या रिक्षा. चार मार्गिकांचा रस्ता प्रत्यक्षात दीड मार्गिकेचा उरतो.

पुण्यात २००६ साली कात्रज-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव पट्ट्यातून धावणारी बससेवा, सुरू झाली तेव्हाही रुंद रस्त्यांचाच दाखला दिला जात होता. पुढे दुचाकीस्वार बसच्या पट्ट्यात शिरू लागले, थांबा रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे तिथपर्यंत पोहोचताना प्रवाशांचा जीव टांगणीला लागे, आणि नगर रस्त्यावरची बीआरटी तर अखेरीस उखडून टाकली गेली. तंत्रात खोट नव्हती. खोट होती ती रोज सकाळी उठून पट्टा मोकळा ठेवण्याच्या कामात, जे काम कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते.

बसचा एक गुण सांगतो. बंद पडलेल्या वाहनाला वळसा घालून बस पुढे जाते. ट्रामच्या वाटेत एखादा टेंपो बिघडला, तर क्रेन येईपर्यंत मागच्या सगळ्या ट्राम जागच्या जागी. बाजार समितीच्या दिशेने शाखा काढण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तेथील पहाटेची ट्रकांची रांग आधी डोळ्यांखालून घालावी.

माझे म्हणणे असे की याच मार्गावर प्रथम रंगवलेला आणि कठड्याने वेगळा केलेला बसचा पट्टा करावा, जोडबस चालवावी, आणि प्रवासी खरोखर ताशी दोन हजारांच्या वर जातात का ते पाहावे.

---

सीवूड्सवासी

एक वेगळी सूचना. ट्राम करायचीच असेल, तर पाम बीच मार्गावर का करू नये? वाशी ते बेलापूर रस्ता रुंद आहे, कडेला हातगाड्या नाहीत, चौकही मोजके आहेत. शहराला शोभाही येईल.

---

रूळमापक

सीवूड्सवासी, पाम बीच मार्गावर ट्राम सुरेख दिसेल आणि मोकळी धावेल. पण किनाऱ्यालगतच्या कोणत्याही लाइनची एक गोम असते. थांब्यावर चालत येणारी माणसे दोन्ही बाजूंनी यायला हवीत, आणि येथे एका बाजूला खाडी आणि खारफुटी आहे. म्हणजे अर्धे गिऱ्हाईक आधीच वजा. उरलेल्या अर्ध्यासाठी सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स ही हार्बरची स्थानके थोड्याच अंतरावर समांतर आहेतच. खारफुटी आणि सागरी किनारा नियमनाच्या परवानग्यांचा फेरा तर वेगळाच. ज्या रस्त्यावर आज गर्दीमुळे ट्राम अवघड वाटते, तिथेच तिची गरज आहे, हे थोडे विचित्र वाटले तरी प्रवाशांचे गणित तेच सांगते.

डेपोमॅनेजर साहेबांचा मुद्दा मला बव्हंशी मान्य आहे. फक्त एक भर घालतो. रंगवलेला पट्टा एका रात्रीत पुसता येतो, आणि म्हणूनच तो पुसला जातो. रूळ काँक्रीटमध्ये एकदा बसवले, पट्टा रस्त्याच्या पातळीपेक्षा चार-सहा इंच उचलला आणि त्यावर हिरवळ किंवा खडबडीत फरसबंदी केली, की दुचाकीला तिथे चालणे आपोआप नकोसे होते. युरोपातील कित्येक शहरांत हे केलेले आहे. तरीही प्रत्येक चौकात पट्टा रस्त्याला छेदणारच, आणि तिथे सिग्नलने ट्रामला पहिला मान दिला नाही तर आपण म्हणता तेच होईल.

आता पावसाविषयी, कारण मूळ प्रश्नातला तो भाग राहून गेला आहे. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्या खाली भराव घालून वसवलेला आहे. म्हणून सिडकोने खाडीलगत धारण तलाव ठेवले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. भरती आली की त्यांच्या झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला बाहेर जाते. गाळ काढलेला असेल तर ही व्यवस्था उत्तम चालते. गाळाने तलाव भरले असतील आणि मोठी भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर पाणी रस्त्यावर येते. लोकलच्या विजेच्या मोटारी चाकांच्या आसाजवळ असतात, म्हणून रुळांवर काही इंच पाणी चढले की ती थांबवावी लागते. खालच्या पायरीच्या ट्राममध्ये विजेची बरीच उपकरणे छपरावर असली, तरी मोटारी खालीच असतात, त्यामुळे तिलाही सूट नाही. यावर उपाय दोन: पट्टा उचलून बांधणे, जे दुचाकींसाठीही हवेच आहे, आणि खाचेच्या रुळांखालून (रस्त्यात बसवलेल्या ट्रामच्या रुळांना चाकाच्या कडेसाठी खाच असते) पावसाळी गटाराला स्वतंत्र निचरा देणे. त्या खाचेत वाळू, पाने आणि प्लास्टिक साचते. ती रोज झाडावी लागते. हे काम क्षुल्लक वाटते, पण ते झाले नाही तर गाडी रुळावरून घसरू शकते.

वीज वरच्या तारेतूनच घ्यावी. सिडनीच्या मध्यभागात आणि फ्रान्समधील बोर्दो येथे जमिनीतल्या पट्टीतून वीज देण्याची पद्धत आहे. शहर त्यामुळे नीटनेटके दिसते, परंतु बोर्दोला २००३ साली ती सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत बिघाडांनी हैराण केले होते. आपल्या जुलैमध्ये तो प्रयोग नको. खाऱ्या हवेत तारेचे खांब आणि जोड लवकर गंजतात, तेवढी देखभाल मात्र गृहीत धरावी लागेल.

---

बोरीबंदर_१८७४

इतिहासाबद्दल थोडेसे, कारण ते या चर्चेला लागू पडते. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली आणि १९२० साली दुमजली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ती बंद होण्याचे एक मोठे कारण हे होते की रूळ रस्त्याच्या मधोमध होते आणि त्यांना कधीच राखीव जागा नव्हती. मोटारी आणि बसगाड्या वाढल्या तसतशी ट्राम त्यांच्या गर्दीत अडकत गेली, आणि मग तीच अडथळा आहे असे सर्वांना वाटू लागले. कोलकात्यातही अलीकडे जवळजवळ हीच कारणे देऊन बहुतेक मार्ग बंद करण्यात आले. मेलबर्नकरांनी सांगितलेला सामाईक रस्त्याचा मुद्दा आपण पूर्वीच भोगलेला आहे.

---

कोपरखैरणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बसचा पट्टा आधी करून पाहण्याची सूचना मला पटते, मात्र एक अट वाटते: तो पट्टा आखतानाच सात मीटर रुंदी, वळणाच्या त्रिज्या आणि खालच्या वाहिन्यांची जागा ट्रामला चालेल अशी धरावी, म्हणजे पुढे दुसऱ्यांदा रस्ता खणावा लागणार नाही. असे करणे व्यवहार्य आहे का? आणि एवढ्या लाइनला किती गाड्या आणि डेपोला किती जागा लागेल?

---

रूळमापक

व्यवहार्य आहे, आणि वाहिन्या आधीच कडेला सरकवल्या तर सिडनीत जो खर्च फुगला त्यातला मोठा वाटा टळेल. बसचे थांबे ट्रामच्या फलाटाइतक्या लांबीचे, म्हणजे निदान ३५ मीटर, आणि दोन गाड्या जोडायच्या झाल्यास दुप्पट वाढवता येतील अशा सरळ भागात ठेवावेत. वळणावर ठेवलेला थांबा पुढे निकामी ठरतो, कारण लांब गाडीच्या दारात आणि फलाटात फट पडते.

गाड्यांचा हिशेब असा. साडेसात किलोमीटर अंतर आणि थांब्यांसह ताशी १८ किलोमीटर वेग धरला, तर एका दिशेला २५ मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटे मोकळीक दिली की पूर्ण फेरी एका तासाची. दर चार मिनिटांनी गाडी हवी असेल तर रुळावर १५, आणि देखभालीसाठी दोन-तीन जादा, म्हणजे एकूण १८. वेग १८ ऐवजी १२ वर आला, तर तेवढ्याच सेवेसाठी २२ गाड्या रुळावर लागतील. चौकातील सिग्नलचा मान न मिळाल्यास किती गाड्यांचा भुर्दंड पडतो, हे यावरून कळावे.

डेपोसाठी अशा ताफ्याला दोन-तीन हेक्टर पुरतात. ती जागा घणसोलीच्या टोकाला शोधावी. तेथे बसचा डेपो आहेच, त्यामुळे कर्मचारी, पहाटेच्या पाळ्या आणि वीज उपकेंद्र यांचा मेळ घालणे सोपे जाईल. आणि बाजारात जाणाऱ्या माथाडींसाठी पहिली गाडी त्याच टोकावरून निघू शकेल.